तारीख नको, नेम हवा



१३ मे २०२१ रोजी राज्य सरकारने निर्बंध पुन्हा वाढवले. या वेळी १ जूनच्या सकाळी ७ वाजेपर्यंत. ही बातमी आली तेव्हा आपल्या घरात कोण काय म्हणालं, जरा आठवून पाहा. बहुतेक घरांत कोणी फारसं काही म्हणालं नसेल. २०२० मध्ये अशी बातमी आली की सगळं घर टीव्हीसमोर जमायचं, फोनाफोनी व्हायची, किराणा भरायला धावपळ व्हायची. या वेळी कोणीतरी मोबाईलवर वाचलं, "वाढवलं परत" एवढंच म्हटलं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागलं.

वरवर पाहता ही सवय झाल्याची खूण वाटते. मला ती थकल्याची खूण वाटते. मोठ्यांना हा थकवा ओळखता तरी येतो. मुलांना तो नीट सांगताही येत नाही. ती चिडतात, उशिरापर्यंत लोळतात, कॅमेरा बंद करून बसतात, नाहीतर नुसतं "काही नाही" म्हणतात. आपण त्याला आळस म्हणतो. म्हणून आज अभ्यासक्रमाबद्दल न लिहिता या थकव्याबद्दल लिहायचं ठरवलं आहे. तो येतो कुठून आणि आपण घरी, शाळेत त्याचं काय करू शकतो, एवढाच विषय.

तारखांची जपमाळ

९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले दोन रुग्ण आपल्या पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २५ मार्चपासून २१ दिवसांची देशभर टाळेबंदी. ती १४ एप्रिलला संपणार होती. मग ३ मे झाली, मग १७ मे, मग ३१ मे. जूनमध्ये 'मिशन बिगिन अगेन' म्हणत दारं किलकिली झाली आणि १३ जुलैपासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा दहा दिवस सगळं बंद.

२०२१ चंही तसंच. ४ जानेवारीला पुण्यात नववी ते बारावीचे वर्ग उघडले, १ फेब्रुवारीला पाचवी ते आठवीचे. मुलं गणवेशात, तोंडाला मास्क लावून, एका बाकावर एक अशी बसली. तीन आठवडे झाले नाहीत तोच शाळा पुन्हा बंद झाल्या. आधी २८ फेब्रुवारीपर्यंत, मग १४ मार्च, मग ३१ मार्च, मग ३० एप्रिल. ३ एप्रिलपासून शहरात संध्याकाळी ६ ते सकाळी ६ संचारबंदी आली, पीएमपीची बस थांबली. १४ एप्रिलच्या रात्री ८ पासून राज्यभर 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध. ते १ मेपर्यंत होते, मग १५ मेपर्यंत, आणि मग १ जून.

या तारखा वाचतानाही दमायला होतं ना? आपण आणि आपली मुलं त्या एकेक करून जगलो आहोत. प्रत्येक तारखेपर्यंत श्वास रोखून धरला, ती तारीख आली, आणि पुढची तारीख मिळाली.

निर्बंध का लावले याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकट्या पुणे शहरात दिवसाला सात हजारांच्या घरात रुग्ण सापडत होते. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले. बेड मिळवण्यासाठी, ऑक्सिजनसाठी, रेमडेसिविरच्या एका इंजेक्शनसाठी लोक रात्र रात्र फिरत होते. अशा वेळी घरात थांबणं गरजेचंच होतं. पण गरजेची गोष्टही थकवते, हे मान्य करायला हरकत नसावी.

२०२१ चा थकवा वेगळा का होता?

२०२० मध्ये भीती होती, पण तिच्या जोडीला नवलाई होती. दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा लागलं, घरोघरी केक झाले, बाबा लोक भांडी घासायला शिकले. आपण सगळे एकाच गोष्टीतून जातोय, अशी एक भावना होती. ताकद एकवटून एकदा धाव घ्यायची आणि पैलतीर गाठायचा, असं मनाने धरलं होतं.

२०२१ मध्ये तसं नव्हतं. त्या वर्षी आजारी पडलेली माणसं आपल्या ओळखीची होती. सोसायटीच्या ग्रुपवर वाढदिवसापेक्षा श्रद्धांजलीचे निरोप जास्त येत होते. लस आली, ती आपल्याच मांजरीच्या सीरममध्ये तयार होत होती, आणि आपल्याच शहरातल्या केंद्रांबाहेर 'लस उपलब्ध नाही' असे कागद लागत होते. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण १ मे रोजी सुरू झालं आणि पुरेशी लस नाही म्हणून १२ मे रोजी राज्याने ते थांबवलंही. म्हणजे आधी आशा दिसली आणि मग हातातून निसटली. जी गोष्ट कधी मिळालीच नाही तिच्यापेक्षा, मिळता मिळता गेलेली गोष्ट जास्त लागते. फेब्रुवारीत तीन आठवडे शाळेत बसलेल्या मुलांना विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२० च्या अखेरीस या थकव्यावर एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. त्यात म्हटलेली मुख्य गोष्ट साधी आहे : दीर्घकाळ चाललेल्या, न सुटणाऱ्या संकटात माणसाचा उत्साह मावळणं हे स्वाभाविक आहे, अपेक्षितच आहे. थकलेला माणूस बेजबाबदार असतोच असं नाही. म्हणून सरकारांनी लोकांना दटावण्यापेक्षा त्यांचं म्हणणं समजून घ्यावं, त्यांना उपायात सहभागी करावं, धोका कमी ठेवून जगण्याला वाट द्यावी आणि त्यांचे हाल मान्य करावेत, असं ती पुस्तिका सुचवते. सरकारने हे किती केलं याची चर्चा वर्तमानपत्रं करतीलच. मला विचारायचं आहे ते आपल्याला : आपल्या घरात, आपल्या वर्गात आपण यातलं काय केलं?

तारखेवर लटकलेलं मन

व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळछावण्यांमध्ये त्यांनी काही वर्षं काढली आणि तिथे माणसाच्या मनाचं काय होतं ते नंतर लिहून ठेवलं. आपल्या टाळेबंदीची आणि त्या छावण्यांची तुलना कोणी करू नये, मीही करत नाही. पण त्यांनी टिपलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे.

१९४४ चा नाताळ आणि १९४५ चं नववर्ष यांच्या मधल्या आठवड्यात त्यांच्या छावणीत मृत्यूंचं प्रमाण एकदम वाढलं. काम वाढलं नव्हतं, अन्न आणखी कमी झालं नव्हतं, नवी साथ आली नव्हती. छावणीतल्या मुख्य डॉक्टरांचं मत असं होतं, की नाताळपर्यंत आपण घरी जाऊ अशी अनेकांनी मनाशी गाठ बांधली होती. नाताळ आला आणि गेला. आणखी एका कैद्याला स्वप्नात सुटकेची तारीख समजली होती, ३० मार्च १९४५. ती जवळ आली तरी सुटकेची काही चिन्हं दिसेनात. २९ मार्चला त्याला ताप भरला, ३१ मार्चला तो गेला. आजार टायफसचा होता. पण फ्रँकल यांच्या मते, आशा तुटल्यावर त्याच्या शरीराची आजाराशी लढायची शक्तीच सरली.

आशा हवीच. पण ती एका तारखेला टांगली की तारखेबरोबर तीही पडते. आणि आपण मुलांच्या बाबतीत वर्षभर नेमकं हेच करत आलो. "दिवाळीनंतर शाळा सुरू होईल." "संक्रांतीनंतर आजीकडे जाऊ." "परीक्षा झाली की सगळं सुरळीत होईल." बोलताना आपला हेतू चांगलाच होता, मुलाला धीर द्यायचा होता. पण दर वेळी तारीख पुढे गेली आणि मुलाने दोन गोष्टी शिकून घेतल्या. एक, बाहेरचं काही आपल्या हातात नाही. दोन, आईबाबांच्या आणि शिक्षकांच्या शब्दालाही आता काही अर्थ नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त धोक्याची आहे.

मोठ्या मुलांकडे पाहा. दहावीची परीक्षा २९ एप्रिल २०२१ ला सुरू व्हायची होती. १२ एप्रिलला ती जूनमध्ये ढकलली, २० एप्रिलला रद्दच झाली. वर्षभर जिच्यासाठी जीव आटवला ती गोष्ट आठ दिवसांत दोनदा बदलली. बारावीची मुलं मे २०२१ मध्येही टांगणीवर होती. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचं तर विचारू नका. १४ मार्चची राज्यसेवा पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा आपल्या शास्त्री रस्त्यावर शेकडो मुलं उतरली. पेठांमधल्या खोल्यांमध्ये चार-चार वर्षं राहून अभ्यास करणारी ही मुलं. परीक्षा २१ मार्चला झाली खरी, पण एप्रिलमधली पुढची परीक्षा पुन्हा लांबली. त्यांचा राग परीक्षेवर नव्हता. सारखं तयार व्हायचं आणि सारखं थांबायचं, याचा तो राग होता.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं : मुलांना तारखा देऊ नका. "लवकर संपेल का?" असं मुलाने विचारलं, तर "हो, संपेल" म्हणू नका आणि "काही संपत नाही" असंही म्हणू नका. "मला माहीत नाही. कळलं की लगेच तुला सांगेन. पण ही साथ संपणार आहे, आजवर आलेल्या सगळ्या साथी संपल्या आहेत" एवढं खरं सांगा. मुलांना खरं पेलतं. त्यांना पेलत नाही ते सारखं बदलणारं.

दटावून काही होत नाही, हे पुण्याला ठाऊक आहे

मे २०२१ मध्ये संध्याकाळच्या बातम्यांमध्ये एक दृश्य ठरलेलं असायचं : भाजी घ्यायला उसळलेली गर्दी आणि त्यावर "पुणेकर सुधारणार कधी?" असा मथळा. घरात आपणही तेच म्हणायचो, "लोक ऐकतच नाहीत." गर्दी धोक्याची होती, यात वादच नाही. पण दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी राहिली तर सगळे त्याच चार तासांत येणार, हेही खरं आहे. बेफिकिरी आणि नाइलाज यांतला फरक मुलांना दाखवून देणं हे आपलं काम आहे. नाहीतर 'सगळे लोक मूर्ख आहेत' एवढंच नागरिकशास्त्र ती शिकतील.

या शहराने हा धडा आधीही घेतलेला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. सरकारने वॉल्टर रँड यांच्या हाती प्लेग समितीचा कारभार दिला. सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले, माणसं उचलून वेगळ्या छावण्यांत नेऊ लागले, देवघरापर्यंत बूट गेले. रोगी वेगळा ठेवायचा हा उपाय चुकीचा नव्हता. पण ज्या तऱ्हेने तो लादला गेला त्यामुळे लोक रोगी लपवू लागले. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केलं, ते आपण इतिहासात शिकवतोच.

त्याच साथीत, त्याच शहराजवळ दुसरंही एक काम चाललं होतं. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसर भागात माळावर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तिथे आणत. असंच एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग तोच होता, रोग्याला घराबाहेर वेगळं ठेवणंही तेच होतं. पण एकीकडे बंदूक होती आणि दुसरीकडे ओळखीचं, विश्वासाचं माणूस होतं. लोक कोणाकडे स्वतःहून आले असतील, हे सांगायला नको.

हे घरालाही लागू आहे. ज्या मुलाला ऑनलाइन तासावरून रोज बोलणी बसतात, ते मूल "नेट गेलं" म्हणायला शिकतं. ज्याला "तुला काय कमी आहे, बाहेर बघ लोकांचे काय हाल आहेत" असं ऐकवलं जातं, ते आपलं दुःख सांगायचं बंद करतं. दटावणी वाढली की लपवणूक वाढते. १८९७ मध्ये वाढली, आजही वाढेल.

मग करायचं काय? नेम

आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, नेम. आजी म्हणायची, "माझा नेम आहे." तुळशीला पाणी, पोथीचं एक पान, दारात रांगोळीची चार बोटं. पाऊस असो, पाहुणे असोत, घरात आजारपण असो, नेम चुकायचा नाही. नेमाला शेवटची तारीख नसते. तो कशासाठी थांबत नाही. आणि तो दुसऱ्याने लावलेला नसतो, आपण स्वतः धरलेला असतो. वेळापत्रकात आणि नेमात हा मोठा फरक आहे.

२०२० ची आषाढी आठवा. वारीचा शतकांचा शिरस्ता, लाखो पावलं, पण साथीमुळे पायी सोहळा होणार नव्हता. प्रस्थान मोजक्या माणसांत झालं. ३० जून २०२० रोजी देहू-आळंदीहून पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. वारकरी घरीच थांबले, घरीच भजन केलं, घरीच एकादशी धरली. वारीचं रूप बदललं, पण वारकऱ्याने नेम सोडला नाही. 'सगळं पूर्वीसारखं होईल तेव्हा करू' असं म्हणणं आणि 'आज जमेल त्या रूपात करू' असं म्हणणं, यात मनाच्या दृष्टीने मोठं अंतर आहे.

मानसशास्त्रातही याला आधार सापडतो. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन संशोधकांनी १९६७ साली प्रयोगातून दाखवलं होतं, की टाळता न येणारा त्रास वारंवार झाला की प्राणी पुढे टाळता येणारा त्रासही मुकाट सोसतो. हताशपणा शिकला जातो, असा अर्थ तेव्हा काढला गेला. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मेंदूवरचं नवं संशोधन हाताशी घेऊन त्याच दोघांनी आपलं म्हणणं उलटं मांडलं. दीर्घ त्रासात गप्प बसणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने काहीतरी बदलतं' हे. शिक्षक म्हणून मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. शिकता येणारी गोष्ट शिकवताही येते. त्यासाठी मुलाच्या हाती रोज काहीतरी असं द्यायला हवं, जे त्याच्या करण्याने होतं.

काही साधे नेम सुचवतो. सगळे एकदम धरू नका. एक निवडा.

पहिला नेम, रविवारचा कागद. रविवारी संध्याकाळी मुलांना घेऊन बसा. एका कागदावर तीन रकाने आखा : 'नक्की', 'कदाचित' आणि 'आपल्या हातात नाही'. पुढच्या आठवड्यातल्या गोष्टी मुलांनाच भरू द्या. कुंडीला पाणी, मंगळवारी भाजी निवडणं, मामाला फोन, हे 'नक्की'. गच्चीवर खेळायला मिळेल का, हे 'कदाचित'. शाळा कधी उघडेल, हे तिसऱ्या रकान्यात. दोन-तीन रविवारांत तुमच्या लक्षात येईल, की ज्या गोष्टीची मूल दिवसभर काळजी करत होतं ती तिसऱ्या रकान्यात नेऊन लिहिल्यावर थोडी हलकी होते. आणि पहिला रकाना वाटला होता तेवढा रिकामा नसतो.

दुसरा नेम, बातम्यांची वेळ. दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी. दिवसभर टीव्हीवर आकडे चालू ठेवू नका. मुलं खेळताना दिसत असली तरी त्यांचे कान तिकडेच असतात.

तिसरा नेम, चार ओळींची वही. रोज रात्री चार ओळी. आज काय केलं, काय पाहिलं, कशाचा राग आला, काय खाल्लं. शुद्धलेखन तपासायचं नाही, मार्क द्यायचे नाहीत, मुलाने दाखवली तरच वाचायची. मराठीचे शिक्षक वर्षभर निबंध लिहून घेतात. 'टाळेबंदीतील माझे अनुभव' हा निबंध तर एव्हाना पाठ झाला असेल. त्यापेक्षा या चार ओळी खऱ्या असतील. पन्नास वर्षांनी कोणाला आजचं पुणं समजून घ्यायचं असेल, तर या वह्या उपयोगी पडतील, हे मुलांना जरूर सांगा. आपण लिहितो त्याला किंमत आहे, हे कळलं की लिहावंसं वाटतं.

चौथा नेम आपल्या शिक्षकांसाठी. रोज तीन फोन. वर्गात ४० मुलं असली तर दोन आठवड्यांत सगळी होतात. फोनवर अभ्यासाचं विचारायचं नाही. "जेवलास का? घरी सगळे बरे आहेत ना? आज काय केलंस?" एवढंच. स्वाध्यायाच्या लिंक आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो, त्या पोचतात की नाही ते कळतं. मूल कसं आहे, ते लिंकवरून कळत नाही. सगळ्यांना तीन जमणार नाहीत, हे मला माहीत आहे. मग तीनऐवजी एक करा. पण रोज करा.

नेम कधी मोडेल. मोडू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा. मोडला म्हणून मुलाला बोललात तर तो नेम राहणार नाही, तीही एक संचारबंदीच होईल.

नेमाने जे होणार नाही

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. 'सकारात्मक राहा', 'मन खंबीर ठेवा' असे संदेश सकाळपासून फिरत असतात. ज्याच्या घरात पगार येतोय, दोन खोल्या आहेत, वायफाय आहे, त्याने ते वाचावेत. पण जनता वसाहतीत किंवा कासेवाडीत एका खोलीत सहा जण राहतात, त्यांना 'घरात राहा' याचा अर्थ वेगळा लागतो. १३ एप्रिल २०२१ ला निर्बंध जाहीर करताना सरकारने रिक्षावाल्यांना, नोंदणी झालेल्या घरकामगारांना, फेरीवाल्यांना, बांधकाम कामगारांना प्रत्येकी १,५०० रुपये देऊ म्हटलं, शिवभोजन थाळी मोफत केली. पंधराशेत महिना कसा काढायचा, याचा हिशेब ज्या घरात चाललाय तिथल्या आईला श्वसनाचे व्यायाम सांगणं बरं दिसत नाही. तिचा थकवा मनाचा कमी आणि पोटाचा जास्त आहे. तिथे आपला फोन असा हवा : शालेय पोषण आहाराचं धान्य मिळालं का? रेशनचं काय झालं? मदतीच्या फॉर्मला काही अडलं आहे का? मनाच्या आरोग्याची सुरुवात तिथे धान्यापासून होते.

आणि काही घरांत माणूस गेलं आहे. शेवटचं पाहता आलं नाही, दहावं-तेरावं चार माणसांत झालं, भेटायला कोणी आलं नाही. अशा घरातल्या मुलाला शाळेने नुसतं 'प्रमोट' करून पुढच्या वर्गात ढकलू नये. वर्गशिक्षकांनी फोन करावा, गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं, "बाबांची आठवण येते का?" असं सरळ विचारावं. विषय काढला तर मूल रडेल, म्हणून आपण तो टाळतो. ते एरवीही रडतच असतं, फक्त एकटं. आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने मे २०२१ मध्ये जिल्हावार कृती दलं नेमायचा निर्णय घेतला होता. असं मूल तुमच्या माहितीत असेल तर चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर कळवा. ही मुलं सर्वांत आधी शाळेच्याच लक्षात येऊ शकतात.

काही खुणांकडे दुर्लक्ष करू नका. दोन-तीन आठवडे झोप उडालेली, जेवण तुटलेलं, आवडीचं काहीही नको झालेलं, "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी भाषा. इथे नेम, वही, गप्पा पुरणार नाहीत. डॉक्टरांकडे जायला हवं, तेही लवकर. विद्यार्थी-पालक-शिक्षकांसाठी केंद्र सरकारची 'मनोदर्पण' मदतवाहिनी ८४४८४४०६३२ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक पालकांच्या ग्रुपवर एकदा पाठवून ठेवा. कोणाला लागेल, हे आपल्याला आधी कळत नाही.

आपण स्वतः

शेवटी आपल्याबद्दल. साथीच्या त्या वर्षभरात शिक्षकांनी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं सर्वेक्षण केलं, घरोघरी तापमान मोजलं, मोबाईलला स्टँड म्हणून डबे रचून शिकवलं, आणि वरून "शाळा बंद, पगार चालू" हेही ऐकून घेतलं. आयांनी ऑफिस, स्वयंपाक आणि पोराचा तास एकाच टेबलावर सांभाळला. थकलात तर थकलो म्हणा. घरात मुलांसमोर म्हटलं तरी चालेल. "आज मी दमले आहे, आज खिचडी करते आणि लवकर झोपते" हे ऐकून मूल खचत नाही. दमणं ही लपवायची गोष्ट नाही आणि दमल्यावर काय करायचं असतं, हे ते शिकतं.

१४ जून २०२१ ला नवं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायचं होतं. वर्ग भरतील की पडद्यावरच भेटू, ते मला माहीत नव्हतं. ते तिसऱ्या रकान्यातलं होतं. पहिल्या रकान्यात मी एवढं लिहिलं होतं : पहिल्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही. हजेरी सावकाश घ्यायची. प्रत्येक मुलाचं नाव घेऊन एक मिनिट थांबायचं आणि त्याला बोलू द्यायचं. ४० मुलांना ४० मिनिटं लागतील, म्हणजे पूर्ण तास जाईल. जाऊ दे. तुमच्या पहिल्या रकान्यात काय लिहिलं, ते जरूर कळवा. आणि आज रविवार नसला तरी कागद आजच आखायला घ्या.